रजा घेतली, पण थकवा गेला नाही

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार.

मी एका खासगी कंपनीत टीम लीड आहे. वय अडतीस. रोज दहा-अकरा तास काम असतं आणि घरी आल्यावरही लॅपटॉप उघडाच असतो. गेल्या महिन्यात हट्टाने आठ दिवसांची रजा काढली. कुठे गेले नाही, घरीच आराम करायचं ठरवलं होतं. पण जरा टेकले की मन खायला लागायचं. एका दुपारी आडवी झाले, तर पंधरा मिनिटांत उठून कपाट आवरायला घेतलं. सिनेमा लावला की हातात फोन, आणि फोनवर ऑफिसचा ग्रुप. रात्री अंथरुणावर पडलं की दिवसभर आपण काहीच केलं नाही याची टोचणी. कामावर परत गेले तेव्हा रजेआधी होते तेवढीच थकलेली होते. वर आठ दिवस फुकट घालवले असं वाटलं ते वेगळंच.

लहानपणी आमच्या घरात कुणी रिकामं बसलेलं खपायचं नाही. ‘हात रिकामे कसे?’ हा प्रश्न मला अजून ऐकू येतो. आणि खरं सांगते, टीममधला एक मुलगा सहा वाजले की बॅग उचलून निघतो, त्याचा मला राग येतो. त्याचं काम चोख असतं, तरी येतो.

मला रजा कमी पडते आहे का? की मला आरामच करता येत नाही?

— एक वाचक

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. रजा कमी पडलेली नाही. आणि आराम करता येत नाही असंही नाही. तुम्ही स्वतःला त्याची मोकळीक देत नाही आहात. आठ दिवस शरीर घरात होतं आणि मन थोड्या थोड्या वेळाने ऑफिसात जाऊन हजेरी लावून येत होतं. अशा रजेत थकवा उतरत नाही, मग ती आठ दिवसांची असो की महिन्याची.

तुमच्या पत्रातल्या त्या दुपारपाशी मी बराच वेळ थांबले. तुम्ही आडव्या झालात. पहिली दोन-चार मिनिटं बरी गेली असतील. मग मनात आलं असेल की एवढा वेळ हातात आहे, तर काहीतरी उरकून घ्यावं. काय काय राहिलंय याची उजळणी सुरू झाली. कपाट आठवलं, त्यापाठोपाठ रजेवर येताना अर्धवट सोडलेलं काम, मग परत गेल्यावरची पहिली मीटिंग. एव्हाना मान आणि खांदे आखडले असतील. तुम्ही उठलात, कपाट काढलंत आणि बरं वाटलं, कारण टोचणी थांबली. मनाने यातून धडा घेतला: पडून राहिलं की त्रास होतो, कामाला लागलं की सुटका होते. पुढच्या वेळी दहा मिनिटांतच उठावंसं वाटतं. असं वर्षानुवर्षं चाललं की माणूस म्हणायला लागतो, ‘माझा स्वभावच असा आहे, मला स्वस्थ बसवत नाही.’ मला हा स्वभाव वाटत नाही. ही अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, आणि ती बदलता येते.

थकवा भरून कसा येतो यावर मायमन आणि मुल्डर या डच संशोधकांनी १९९८ मध्ये एक साधी मांडणी केली. काम करताना शरीर-मनावर भार पडतो, थकवा येतो, आणि तो भार काही काळ खरोखर उतरला तर माणूस पूर्ववत होतो. सगळं त्या ‘खरोखर’वर अडतं. २००६ मध्ये योस ब्रॉसखॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की त्रास देणारी गोष्ट समोर नसली तरी तिचा विचार घोळत राहिला, तर शरीर ताणाच्याच अवस्थेत राहतं. हृदयाचे ठोके, रक्तदाब, कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक) हे सगळं त्या विचाराला प्रतिसाद देत राहतं. म्हणजे तुम्ही सोफ्यावर बसून ऑफिसचा ग्रुप वाचत होतात, तेव्हा शरीराच्या लेखी तुम्ही कामावरच होतात.

पुढच्याच वर्षी सबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोघींनी कामाबाहेरच्या वेळात माणूस कशामुळे सावरतो याचे चार अनुभव नोंदवले. कामापासून मनाने सुटणं, शरीर-मन सैल पडणं, काहीतरी नवं जमत असल्याचा आनंद, आणि आपल्या वेळावर आपला ताबा असणं. यातल्या कशालाही विशिष्ट जागा, खर्च किंवा ठराविक तास लागत नाहीत. तो वेळ तुम्हाला आतून कसा जातो याची ही वर्णनं आहेत. तुमच्या आठ दिवसांत या चारपैकी काय होतं, हे जरा आठवून पाहा.

आता आरामाकडे बघण्याच्या दृष्टीबद्दल, कारण तुमचा प्रश्न तिथेच अडला आहे. २०१४ मध्ये लिओनार्ड रायनेके आणि सहकाऱ्यांनी कामानंतर टीव्ही बघणाऱ्या किंवा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. दिवसभरात जी माणसं जास्त पिळून निघाली होती, त्यांनाच या करमणुकीची जास्त गरज होती. पण ‘मी कामं टाळत बसलोय’ असं वाटण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त होतं. त्यातून अपराधीपणा आला आणि करमणुकीतून जी तरतरी मिळायची, ती कमी मिळाली. दुसरा अभ्यास गॅब्रिएला टोनिएटो, सेलिन मालकोच आणि सहकाऱ्यांचा, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. फुरसत म्हणजे वाया घालवलेला वेळ असं ज्यांना वाटतं, त्यांना मौजेच्या गोष्टीतही कमी मौज वाटते. त्यांच्यात एकूण आनंद कमी आणि ताण, चिंता, उदासी जास्त आढळली. त्यातही, व्यायामासारखी काही हेतू असलेली गोष्ट अशा माणसांना तितकी जड जात नाही. ज्यातून मौजेपलीकडे काहीच निघत नाही, तीच गोष्ट जड जाते. तुम्हाला कपाट आवरणं सोपं गेलं आणि सिनेमा बघणं अवघड गेलं, ते यामुळे.

‘फुकट घालवले’ हे शब्द तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. इथे बदल हवा आहे.

ज्यांनी तुम्हाला ‘हात रिकामे कसे?’ विचारलं त्यांना दोष देऊ नका. त्यांचं काम डोळ्यांना दिसणारं होतं. ते संध्याकाळी उरकायचं, आणि उरकलं की माणूस निवांत बसायचा. कुणी त्याला बोलायचं नाही. तुमचं काम तसं नाही. ते फोनमधून घरी येतं आणि कोणत्याच दिवशी पूर्ण होत नाही. न संपणाऱ्या कामाला ‘आधी काम, मग आराम’ हा नियम लावला, तर आरामाची पाळी येतच नाही. नियम वाईट नव्हता, तो तुमच्या कामाला लागू पडत नाही एवढंच. आराम ही काम संपल्याची बक्षिसी धरू नका. दिवसाच्या वेळापत्रकात जेवणाला जशी जागा असते, तशी त्याला द्या: काम उरलेलं असतानाही ठरल्या वेळी घ्यायची गोष्ट.

हे अवघड जाणार, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच सर्वांत अवघड जातं. झोनेनटाग यांनीच २०१८ मध्ये या विरोधाभासावर लिहिलं: कामाचा ताण जितका जास्त, तितकं मन कामातून सुटायला नकार देतं, व्यायाम टळतो, झोप बिघडते. त्यामुळे ‘मला साधा आरामही जमत नाही’ म्हणून स्वतःला आणखी एक नापास शेरा देऊ नका.

सुरुवात संध्याकाळपासून करा. काम बंद करण्याआधी दहा मिनिटं राखून ठेवा आणि जे अर्धवट राहिलं ते लिहून काढा. पण कसं लिहिता याला महत्त्व आहे. ‘रिपोर्ट बाकी’ एवढंच लिहिलंत तर तो रिपोर्ट रात्रभर डोक्यात राहील. ‘रिपोर्टचा तिसरा भाग उद्या साडेदहाला, त्याआधी अकाउंट्सकडून मागच्या तिमाहीचे आकडे मागवायचे’ असं लिहा. कधी, कुठून सुरुवात, पहिलं पाऊल कोणतं. मासिकांपो आणि बाउमायस्टर यांचे २०११ मधले प्रयोग याच मुद्द्यावर आहेत. अपुरं काम मनात सारखं डोकावतं, पण त्याची नेमकी योजना ठरली की काम झालेलं नसतानाही डोकावणं कमी होतं. म्हणजे मनाला सोडवायला काम संपवावंच लागतं असं नाही. तुमच्या घरच्या नियमाला हे थेट उत्तर आहे, म्हणून हा उपाय मी सगळ्यांत आधी सांगते आहे.

मग फोन. ऑफिसचा ग्रुप संध्याकाळपासून सकाळपर्यंत म्यूट करा, रजेत तर पूर्ण बंद. ‘अर्जंट काही आलं तर?’ त्यासाठी टीमला सांगून ठेवा की खरंच अडलं तर फोन करा, मेसेज नको. ज्याला फोन करावासा वाटत नाही, त्याचं काम सकाळपर्यंत थांबू शकतं. लॉरा जुर्जे आणि वनेसा बॉन्स यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की कामाच्या वेळेबाहेर आलेल्या मेलला किती लवकर उत्तर अपेक्षित आहे, याचा अंदाज वाचणारा माणूस सहसा चढाच लावतो. पाठवणाऱ्याला तितकी घाई नसते. याच अभ्यासात एक सोपा उतारा आहे: पाठवणाऱ्याने ‘घाई नाही, उद्या चालेल’ एवढं लिहिलं तरी समोरच्यावरचं दडपण कमी होतं. तुम्ही टीम लीड आहात. हे वाक्य तुमच्या मेसेजमध्ये उद्यापासून दिसू दे.

मोकळ्या वेळात काय करायचं? एकदम स्वस्थ बसायला जाऊ नका, ती तुमच्यासाठी शेवटची इयत्ता आहे. आधी अशी गोष्ट घ्या जिच्यात हात आणि लक्ष दोन्ही गुंततील आणि जिचा ऑफिसशी संबंध नसेल. गाणं शिकणं, पोहणं, चित्र काढणं, बागकाम. काहीतरी जमतंय हा आनंद त्या चार अनुभवांत आहेच, आणि तुमच्या कामसू मनाला तो लवकर पटेल. मात्र एक पथ्य पाळा. त्याचं टार्गेट ठरवू नका, रोजची नोंद ठेवू नका, कुणाला प्रगती दाखवू नका. नाहीतर तेही ऑफिस होईल.

कपाट आवरणंही निषिद्ध नाही. लिके टेन ब्रुमेलहाउस आणि जॉन ट्रोगाकोस यांच्या २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं की कामानंतरची गोष्ट माणूस मनापासून करतो की करावी लागते म्हणून, यावर त्याचं सावरणं बरंच अवलंबून असतं. घरकामालाही हे लागू होतं. कप्पे लावायला मजा येत असेल तर खुशाल लावा. टोचणीपासून पळायला कपाट उघडत असाल, तर दार लावून परत आडव्या व्हा.

आणि टोचणीचं काय करायचं, हे महत्त्वाचं. ती येणार. आधीची गोष्ट जरा अंगवळणी पडली की आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटं ठरवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि खिडकीशी नुसत्या बसा. काही मिनिटांत अस्वस्थ वाटायला लागेल. वाद घालू नका, स्वतःला समजावू नका, उठूही नका. ‘आली टोचणी’ असं मनात म्हणा आणि बसून राहा. वीस मिनिटं होईपर्यंत तिचा जोर एकदा चढेल आणि बहुधा आपोआप ओसरेल. न उठता ती ओसरलेली अनुभवली की मनाला जुन्या धड्याच्या जागी नवा धडा मिळतो. पहिले काही दिवस आराम वाटणार नाही, त्रासच वाटेल. त्यावरून ‘हे माझ्यासाठी नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

कामाच्या दिवसातही छोटे थांबे घ्या. दहा मिनिटांपर्यंतच्या छोट्या विश्रांतीवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा विश्रांतीने तरतरी वाढते आणि थकवा कमी होतो, असं त्यात दिसलं. जागेवर बसून दुसरी स्क्रीन बघणं यात धरू नका. उठा, चार पावलं चाला. मोठ्या रजेवर सगळी भिस्त ठेवण्यात तसाही अर्थ नाही. जेसिका डे ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत, चांगल्या गेलेल्या लांब सुट्टीचा फायदासुद्धा कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ओसरलेला दिसला. वर्षाची रजा घ्याच, पण तुमची तब्येत सांभाळायची आहे ती रोजच्या संध्याकाळींनी.

आता त्या सहा वाजता निघणाऱ्या मुलाबद्दल. त्याचा राग येतो हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, ते बरं केलंत. मला वाटतं, तुम्ही जो नियम स्वतःवर इतक्या कडकपणे लादला आहे, तो त्याने पाळला नाही आणि त्याचं काही बिघडलंही नाही, हे तुम्हाला लागतं. हे समजण्यासारखं आहे. पण ही बाब तुमच्यापुरती राहत नाही. तो बॅग उचलतो तेव्हा तुमचा चेहरा बदलत असेल, नजर घड्याळाकडे जात असेल, आणि बाकीची टीम ते टिपत असेल. थांबण्याची गरज नसताना साडेसातपर्यंत थांबायचं हे माणसं अशाच इशाऱ्यांवरून शिकतात. रात्री दहाला मेसेज पाठवून तुम्ही ‘सकाळी बघितलं तरी चालेल’ असं मनात म्हणत असाल, पण मनातलं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा तो निघाला की सरळ ‘उद्या भेटू’ म्हणा. रात्री सुचलेले मेसेज सकाळच्या वेळेला शेड्यूल करा. आणि आठवड्यातला एक दिवस ठरवून त्याच्याबरोबरच सहा वाजता बाहेर पडा, टीमच्या देखत.

एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायला हवी. रजेतही न उतरणारा थकवा हा नेहमीच ताणाचा नसतो; ॲनिमिया, थायरॉइड, झोपेचे विकार यांतही असंच होतं. रक्ततपासणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात तीन खुणा आहेत: शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. तिन्ही ओळखीच्या वाटत असतील, किंवा कशातच रस वाटत नसेल, झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, तर समुपदेशकाची वेळ घ्या. या सदरातल्या उत्तराने त्यांची जागा भरून निघत नाही.

आणि हे सगळं सांगून झाल्यावरही तुमचे दहा-अकरा तास शिल्लक राहतात. आरामाकडे बघण्याची दृष्टी बदला असं सांगून कामाचा डोंगर तसाच ठेवणं मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र काढलेल्या निष्कर्षानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. रोज अकरा तास म्हटलं तर पाच दिवसांत तुम्ही त्या ५५ वर पोचता, आणि घरी उघडलेला लॅपटॉप अजून धरलेलाच नाही.

दोन आठवडे रोज कशावर किती वेळ गेला ते लिहा, लॅपटॉपवरच्या रात्री धरून. तो कागद घेऊन वरिष्ठांकडे जा. ‘मला फार ताण येतो’ म्हणू नका, त्यावर सहानुभूती मिळेल आणि काम तेवढंच राहील. ‘आठवड्याला इतके तास लागतात, पंचेचाळीस तासांत बसवायचं असेल तर यातलं कोणतं काम थांबवू आणि कोणतं दुसऱ्याकडे देऊ?’ असं विचारा. ‘बघू’ असं उत्तर आलं, तर पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवून घ्या आणि तोवर कोणत्या दोन कामांना हात लावायचा नाही, हे त्यांच्याकडून मेलवर मागून घ्या.